गच्चीवरच्या पीव्हीएनचं एक वर्ष

26 जानेवारी 2025, रविवार. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात पाय ठेवायला जागा नव्हती. गुलाब आणि बोन्साय बघून मी विक्रीच्या स्टॉलांकडे वळले आणि एका टेबलावर ते दिसलं. तळहाताएवढं झाड, कमळासारखी गोल रचना, राखाडी-जांभळी पानं, गुलाबी कडा आणि वर द्राक्षावर असतो तसा पांढरट थर. किंमत 350 रुपये. नाव विचारलं तर विक्रेते म्हणाले, "पीव्हीएन." मी दोनदा टेबलापासून लांब गेले आणि दोनदा परत आले.

लांब जायला कारण होतं. 2024 च्या मार्चमध्ये मी अशीच पाच रोपं ऑनलाइन मागवली होती, 850 रुपयांना. ही वाळवंटातली झाडं, यांना ऊन हवं असतं, पाणी नको असतं, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे ती गच्चीवर भर उन्हात ठेवली. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत एकही उरलं नाही. पानं उकडल्यासारखी काचेरी झाली आणि हात लावताच गळून पडली. त्या पाच रिकाम्या कुंड्या बरेच दिवस जिन्यात पडून होत्या, येता-जाता मला त्या बघवत नसत.

तरीही पीव्हीएन घेतलंच. घरी येताना ठरवलं की या वेळी आधी झाड समजून घ्यायचं, मग त्याची जागा ठरवायची. ज्यांची रोपं माझ्यासारखीच मे-जूनमध्ये गेली आहेत त्यांच्यासाठी त्या एका वर्षाची हकिगत लिहिते आहे.

पीव्हीएन म्हणजे पेर्ले फॉन न्यूर्नबेर्ग, न्यूर्नबर्गचा मोती. जर्मनीत रिचर्ड ग्रेसनर यांनी 1930 च्या दशकात एचेव्हेरिया या जाड, मांसल पानांच्या झाडांच्या दोन जातींचा संकर करून ही जात तयार केली. एचेव्हेरिया हे नाव अतानासिओ एचेव्हेरिया या अठराव्या शतकातल्या मेक्सिकन वनस्पती-चित्रकारावरून आलं. नावात जर्मनी असली तरी याचं मूळ कूळ मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं, आणि माझी 2024 ची चूक तिथेच झाली होती. ती वाळवंटातली झाडं नाहीतच. उंचावर, खडकांच्या कपारीत, दिवसा लख्ख प्रकाश आणि रात्री गारवा अशा ठिकाणी ती वाढतात.

रात्रीचा गारवा का महत्त्वाचा, हे कळलं तेव्हा पुढचं सगळं सोपं झालं. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडतात. ही झाडं ती दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं बंद ठेवून उजेडात तो वापरायचा, असा त्यांचा दिनक्रम. याला सीएएम (क्रॅस्युलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम) म्हणतात, आणि त्यातला 'सी' यांच्याच क्रॅस्युलेसी कुळावरून आला आहे. म्हणजे यांचा श्वास रात्रीचा. आपल्याकडे मेमध्ये रात्री दहा वाजताही स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो आणि पावसाळ्यात रात्रभर दमट, कोंदट हवा. दुपारचं ऊन जाळीनं अडवता येतं. रात्रीचं काय करायचं, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता.

सासूबाईंना हे सगळं फार पटलं नाही. त्यांचं माहेर माण तालुक्यात, दहिवडीजवळ. "आमच्याकडं बांधाला शेर, माळावर फड्या निवडुंग. कुणी पाणी घालायचं नाही, कुणी बघायचं नाही. कोरफडीवर कधी कुणी छत्री धरलीय का?" मी म्हटलं, "आई, कोरफड वेगळी, हे वेगळं." त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मी मुळं धुवायला बसले तेव्हा शेजारी स्टूल घेऊन बसल्या.

मुळं धुवायची कारण रोप कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात होतं. नर्सरीत ते सोयीचं असतं, हलकं आणि ओल धरणारं. आपल्या पावसाळ्यात मात्र तीच ओल मुळांना कुजवते. 28 जानेवारीला सगळं कोकोपीट काढलं, मुळं पाण्यानं हलकेच स्वच्छ केली आणि झाड चार दिवस सावलीत वर्तमानपत्रावर तसंच ठेवलं. उघडी मुळं बघून जीव घाबरतो, पण त्या चार दिवसांत तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकतात. 1 फेब्रुवारीला कोरड्या मिश्रणात लावलं आणि पहिलं पाणी आठवडाभर थांबून 8 तारखेला दिलं.

मिश्रणात दोन वाट्या प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र खडा), एक वाटी वीटचुरा आणि एक वाटी माती व गांडूळखत मिळून. प्युमिस दोन किलो 240 रुपयांना पडलं. वीटचुरा फुकट, कारण सोसायटीत एका फ्लॅटचं काम चालू होतं आणि तिथून फुटक्या विटा मिळाल्या. विटा फोडल्यावर चुरा चाळायलाच हवा. चाळणीतून खाली पडणारी भुकटी टाकून द्यायची आणि वर राहिलेला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा वापरायचा. भुकटी राहिली तर ती पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते आणि भोक बुजवते. कुंडी मातीची, पाच इंची, कुंभारवेशीतून 40 रुपयांना आणली. पाणी ओतल्यावर पाच-सात सेकंदांत ते खालून बाहेर आलं, तेव्हा मी निश्चिंत झाले.

आता जागेचं. आमची गॅलरी उत्तरेकडे, तिथे थेट ऊन येत नाही. गच्ची सोसायटीची. 2024 मध्ये मी न विचारताच कुंड्या नेऊन ठेवल्या होत्या आणि त्यावरून सूचनाफलकावर एक नोटीसही लागली होती. या वेळी रीतसर अर्ज केला. 3 फेब्रुवारीला दोन प्रती घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेले, एकीवर सही-शिक्क्याची पोच घेतली. पोच घ्याच, कारण महिन्याभरानं माझा अर्ज सापडत नव्हता तेव्हा ती पोचच कामाला आली.

कमिटीची बैठक 2 मार्चला झाली. प्रश्न रास्त होते. वजन किती, पाणी कुठे जाणार, वाऱ्यानं जाळी उडाली तर जबाबदारी कोणाची, वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर खर्च कोण देणार? सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या काकूंचं ना-हरकत पत्र आणा, असंही सांगितलं. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. काकू म्हणाल्या, "दोन पावसाळे मी पातेली मांडून काढलेत गं. मला फक्त खरं वजन सांग." मी खाली येऊन स्टँड, कुंड्या, माती सगळं वजनकाट्यावर ठेवलं. 22 किलो भरलं. तो आकडा कागदावर लिहून दिला आणि काकूंनी लगेच सही केली. वजन आधीच करून नेलं असतं तर एक फेरी वाचली असती.

मग हमीपत्र. ते 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. पूर्वीचा शंभरचा स्टॅम्प आता चालत नाही, ऑक्टोबर 2024 पासून किमान मुद्रांक 500 चा झाला आहे. नोटरीचे 200 रुपये, सोबत शेअर सर्टिफिकेट आणि आधारची झेरॉक्स. साडेतीनशेच्या झाडासाठी सातशेचे कागद, असं घरात बोललं गेलं. मला ते पैसे वाया गेल्यासारखे वाटले नाहीत. गच्ची सगळ्यांची आहे आणि खालच्या घरात गळती होऊ नये ही अपेक्षा योग्यच आहे. 16 मार्चला परवानगीचं पत्र हातात आलं. सहा बाय चार फूट जागा, कठड्याला भोक पाडायचं नाही, कुंड्या थेट स्लॅबवर ठेवायच्या नाहीत, फक्त जाळी, मुदत 31 मार्च 2026 पर्यंत.

30 मार्चला गुढीपाडवा होता. सकाळी गुढी उभारली आणि संध्याकाळी गच्चीवर 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधली. पाइपांची चौकट आणि जाळी मिळून 1,100 रुपये. जाळी अशी बांधली की सकाळी साडेदहापर्यंत पूर्वेचं कोवळं ऊन थेट लागेल आणि नंतर सावली येईल.

कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका ही कमिटीची अट वॉटरप्रूफिंगसाठी होती, पण झाडाला तिचाच सगळ्यांत जास्त फायदा झाला. मी 480 रुपयांचा कमाल-किमान तापमापक आणला होता. एप्रिलच्या मध्यावर एका रात्री दहा वाजता स्लॅबवर 34 आणि दोन फूट उंच स्टँडवर 30 अंश भरले. चार अंशांचा फरक, फक्त उंचीमुळे आणि खालून वारा खेळल्यामुळे. शिवाय पाच इंची कुंडी सात इंची रिकाम्या कुंडीत ठेवली, म्हणजे भिंतींच्या मधे हवा राहते आणि मुळांना थेट झळ लागत नाही. पाणी सूर्यास्तानंतर, नऊ-दहा दिवसांतून एकदा, पण भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत. रोज चमचाभर पाणी घालायचा मोह होतो, तो आवरायचा.

एप्रिलमध्ये एक चूक झालीच. 12 तारखेला जाळीचा एक कोपरा सुटला होता आणि मला दोन दिवस कळलं नाही. तीन पानांवर बदामी डाग पडले. हे डाग भरून येत नाहीत, जुनं पान गळेपर्यंत ते तसेच राहतात. रंगही उतरला. जांभळा-गुलाबी जाऊन मळकट हिरवट-राखाडी झाला. मी घाबरून आणखी ऊन द्यायच्या बेतात होते. पण हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो लख्ख उजेड आणि गारवा दोन्ही मिळून खुलतो. उन्हाळ्यात रंग परत आणायला गेलं की झाड भाजतं. मे संपेपर्यंत रंगाची अपेक्षा ठेवायची नाही, एवढंच करता येतं.

मे संपेपर्यंत थांबायची वेळच आली नाही. पुण्यात मान्सून साधारण जूनच्या दहा तारखेच्या आसपास येतो, म्हणून 1 जूनला झाडं खाली आणायची असं मी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. 2025 मध्ये मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच वळवानं झोडपायला सुरुवात केली आणि 26 मेला तर मान्सूनच मुंबई-पुण्यात दाखल झाला. पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी मी ऑफिसातून येताना रस्त्यात अडकले होते. आईंचे गुडघे दुखतात, गच्चीचा जिना त्यांना चढवत नाही. त्यांनी फोन केला, "तुझं झाड भिजतंय गं, मला दिसतंय नुसतं डोळ्यापुढं." मी पोचले तेव्हा नऊ वाजले होते. गोल रचनेच्या मध्यभागी पाणी साठलं होतं. टिश्यू पेपरची वळकटी करून ते टिपून घेतलं. अशा वेळी हे ताबडतोब करायचं. कोंब असतो तिथे पाणी रात्रभर राहिलं तर आतून कूज सुरू होते.

कुंडी खाली गॅलरीत आणली. गच्चीवर जाळीवरून प्लॅस्टिक टाकता आलं असतं, पण परवानगी फक्त जाळीची होती. 28 मेला दुसरा अर्ज दिला. उत्तर आलं की छत, मग ते तात्पुरतं का असेना, एकट्या कमिटीला मंजूर करता येणार नाही, विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत घेऊ. ती सभा 30 सप्टेंबरच्या आत, म्हणजे तोपर्यंत पावसाळा संपलेला. तुम्ही अर्ज करणार असाल तर जाळी आणि पावसाळी आच्छादन एकाच अर्जात मागा. मी ते केलं नाही आणि त्याची किंमत झाडानं मोजली.

14 जूनला सकाळी खालची दोन पानं पारदर्शक, पिवळसर दिसली. बोट लावलं तर दोन्ही गळून पडली. झाड हळूच उचललं, तर मातीलगत खोडाला काळं कडं होतं. मेच्या त्या भिजण्यात सुरू झालेली कूज तीन आठवडे आत चालू असणार. मी स्वयंपाकघरात जाऊन पाच मिनिटं नुसती बसले. मग आईच म्हणाल्या, "सडका भाग काप की. ऊस नाही का कांडी तोडून लावत?"

नवीन ब्लेड स्पिरिटनं पुसलं आणि खोड कापलं. पहिल्या कापात मधे तपकिरी ठिपका दिसला, म्हणजे कूज अजून वर होती. ब्लेड पुन्हा पुसलं आणि अर्धा सेंटीमीटर वर कापलं. तिसऱ्या कापानंतर कापलेला भाग एकसारखा फिकट हिरवा, स्वच्छ दिसला. तिथेच थांबले. ठिपका दिसतोय तोवर कापत राहायचं, यात दयामाया दाखवली तर सगळं झाड जातं. वरचा भाग, जेमतेम पाऊण इंच खोडासकट, एका काचेच्या ग्लासच्या तोंडावर ठेवला. कापाला थोडी दालचिनीची पूड लावली. जुनी माती फेकली, कुंडी उकळत्या पाण्यानं धुतली.

कापताना खालची अकरा चांगली पानं बुडापासून अलगद सुटली होती. ती एका ताटात, कोरड्या वीटचुऱ्यावर ठेवली. संकरित झाड असल्यामुळे बियांपासून हुबेहूब तसंच रोप येईल याची खात्री नसते. पान किंवा शेंड्यापासून केलेलं रोप मात्र अगदी मूळ झाडासारखंच होतं. पान बुडाशी पूर्ण सुटलेलं हवं, मधे तुटलेल्या पानाला कोंब येत नाही.

त्यानंतरचे चार आठवडे सगळ्यांत कठीण गेले, कारण करण्यासारखं काहीच नव्हतं. पाणी द्यायचं नाही, हलवायचं नाही. बाहेर सतत झिमझिम, गॅलरीतले कपडेही वाळत नव्हते. बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ ग्लास ठेवला आणि छोटा टेबल फॅन मंद वेगावर रोज सात-आठ तास चालू ठेवला. सुक्या हवेपेक्षा हलती हवा आपल्याला सहज देता येते आणि पावसाळ्यात तीच या झाडांना वाचवते. उजेड कमी पडल्यामुळे झाड थोडं ताणलं गेलं, पानांमधली अंतरं वाढली. ते मी चालवून घेतलं.

याच दिवसांत फोनवर कोरियातल्या विक्रेत्यांचे रंगीबेरंगी संकर दिसत राहिले, केशरी, निळसर, अगदी काळपट. मागवायचा विचार मनात आला होता. परदेशातून रोप आणायचं तर 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोप कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. पार्सलवर भलतंच काहीतरी लिहून पाठवणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. नवी कीड याच वाटेनं येते, आणि तिचा त्रास आपल्या चार कुंड्यांपुरता राहत नाही.

12 जुलैला ग्लासमध्ये डोकावले तर कापाच्या कडेला दोन गुलाबी तंतू. मी आईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "धरलं." 19 जुलैला नव्या मिश्रणात लावलं. या वेळी प्युमिस तीन वाट्या आणि माती-खत अर्धी वाटी. गणपती 27 ऑगस्टला बसले, त्याच्या आसपास ताटातल्या अकरापैकी चार पानांच्या बुडाशी मुगाएवढे कोंब आले होते. बाकीची सात सुकून गेली.

14 सप्टेंबरच्या वार्षिक सभेत माझा विषय शेवटून दुसरा होता. जून ते सप्टेंबर, घडी घालता येणारी चौकट, पारदर्शक प्लॅस्टिक, कुठेही खिळा नाही, या अटींवर तत्त्वतः मंजुरी मिळाली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतः उठून सांगितलं की वर्षभरात त्यांच्याकडे एक थेंबही गळलेला नाही. मला त्याचं फार बरं वाटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुंडी पुन्हा गच्चीवर नेली, पण एकदम नाही. पहिले चार दिवस तासभर ऊन, मग दोन तास, असं वाढवत पंधरा दिवसांत पूर्ववत. चार महिने सावलीत राहिलेलं पान ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारीत भाजतं. दिवाळीच्या आधी कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली. मुंग्या दिसल्या की पानांच्या बेचक्यात बघायचं, तिथे पिठ्या ढेकूण असतो. कापसासारखे पांढरे ठिपके. औषधाच्या दुकानातून सर्जिकल स्पिरिट आणलं, कान कोरायच्या काडीनं एकेक ठिपका पुसला, आणि दर चार दिवसांनी असं तीनदा केलं. जिथे काडी लागली तिथला पांढरट थर गेला. तो मेणाचा थर झाडाचं उन्हापासून रक्षण करतो आणि त्या पानावर तो परत येत नाही, म्हणून काडी फक्त ठिपक्यावरच टेकवायची. पानांना उगीच बोटंही लावायची नाहीत.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी गच्चीवर गेले. तापमापकावर रात्रीचं किमान 12 होतं. सगळ्यांत आतल्या पानांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. डिसेंबरभर तो रंग आतून बाहेर पसरत गेला. आता झाड एम्प्रेस गार्डनमधल्या त्या दिवसापेक्षा लहान आहे, एका बाजूला किंचित कललेलं आहे, खालच्या एका पानावर काडीची खूण आहे. रंग मात्र तोच आहे.

चार बाळांपैकी एक काकूंना दिलं. एक आईंनी संक्रांतीला दहिवडीला नेलं, जुन्या कपात, तळाला खिळ्यानं भोक पाडून. "तिकडं पाऊस कमी, रात्री वारा असतो. तिकडं जगंल," असं त्यांनी मला समजावून सांगितलं. दोन माझ्याकडे आहेत.

परवानगीची मुदत 31 मार्चला संपते. नव्या अर्जाचा मसुदा काल लिहिला. जाळी आणि पावसाळी आच्छादन, दोन्ही एकाच पानावर. आच्छादन बांधायची तारीख 1 जूनऐवजी 10 मे टाकली आहे. सोमवारी दोन प्रती घेऊन ऑफिसात जाते आहे.